गाणाऱ्याला सोडा, ऐकणाऱ्याकडे बघा

(गिरगावातील व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'संगीत नाटकातील अभिनय आणि दिग्दर्शन' असा छापलाय. फार भारदस्त दिसतो. तासाभरात सगळं सांगायला गेले तर नांदी आणि भरतवाक्यच हाती लागेल, मधलं नाटक राहून जाईल. म्हणून एकच कोपरा धरते. रंगमंचावर एक जण गात असतो तेव्हा दुसरा काय करत असतो?

हसलात ना? मीही हसले असते, पण याच प्रश्नावर माझी एकदा चांगली फजिती झालेली आहे.

चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची हौशी मंडळी होती. दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम. 'सौभद्र' बसवलं होतं आणि मी रुक्मिणी. कृष्ण एका बँकेत कॅशियर, पण गळा काय सांगू, काळी एकच्या पट्टीत खणखणीत. प्रयोग इथेच, साहित्य संघात. रुक्मिणी रुसून पाठ फिरवून बसते आणि कृष्ण तिची मनधरणी करतो, 'नच सुंदरि करू कोपा', हा प्रवेश तुम्हाला ठाऊकच आहे. कॅशियरसाहेबांनी पद उचललं, टाळ्या पडल्या, वन्समोअर आला. मी पाठ फिरवून बसलेली. दुसरा वन्समोअर आला, तरी मी तशीच. तोवर माझा हिशेब सुरू झाला होता की हा असाच गात राहिला तर चर्नी रोडहून दहा बावन्नची बोरिवली काही मिळत नाही.

प्रयोग संपल्यावर रंगपटात आमचे रंगभूषेचे काका माझ्या अंबाड्याच्या पिना काढत होते. म्हणाले, "पोरी, तो गात होता कुणाला?"

"मला."

"मग तू कुठं होतीस? पाठ झोपली होती तुझी."

घरी जाऊन संहिता उघडली. पदाची पुढची ओळ आहे, 'रागाने तव तनु ही पावत कशि कंपा'. म्हणजे कृष्ण सांगतोय की रागाने तुझं अंग थरथरतंय, आणि ज्या अंगाबद्दल तो गातोय ते अंग बोरिवली लोकलमध्ये जाऊन बसलंय! अण्णासाहेब किर्लोस्करांनी रुक्मिणीचा अभिनय कृष्णाच्या पदात लिहून ठेवलाय. कंसात सूचना नाही, टीप नाही. ती ओळ मी शंभर वेळा ऐकली होती, वाचली मात्र पहिल्यांदा.

पुढच्या प्रयोगात मी फार काही केलं नाही. 'कंपा' आला तेव्हा मनगट थोडं हललं आणि बांगड्या किणकिणल्या. पहिल्या चार-पाच रांगांत खसखस पिकली. कृष्णाने ती ऐकली आणि पुढच्या आवर्तनात पहिल्यांदा माझ्याकडे वळून गायला. ठरलेल्या तानांतली निम्मी गाळली. पद लहान झालं, पण रुसवा खरा वाटला. बाहेर पडल्यावर म्हणाला, "तुम्ही माझी तान खाल्लीत." दहा दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

थोडा इतिहास सांगायला हवा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तिथून आपण मराठी नाटकाचा जन्म धरतो. त्या पद्धतीत पदं सूत्रधार म्हणायचा. राम असो, सीता असो, राक्षस असो, सगळ्यांच्या वतीने गाणार सूत्रधारच. मग ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि पद थेट पात्राच्या तोंडी गेलं. दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, 'सौभद्र'. या बदलाचं वर्णन करताना आपण म्हणतो की पात्रं गायला लागली. माझ्या मते मोठा बदल गाणाऱ्याच्या समोर झाला. सूत्रधार गातो तेव्हा ती हकीकत असते, ती प्रेक्षकाने ऐकायची. पण दुष्यंत स्वतः गायला लागला की शकुंतलेला काहीतरी करणं भाग पडलं. तिच्याकडे बघून कुणीतरी गातंय, ती काय खांबासारखी उभी राहणार?

आणि खांबासारखी उभी राहण्याची पद्धत आपल्याकडे पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. कारणं होती. माइक नव्हता. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तर पुढे येऊन, तोंड प्रेक्षकांकडे करूनच गायला हवं. साथीदार समोर खाली. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची तर तबलजी दिसायला हवा. पुढे माइक आला तोही वरून टांगलेला किंवा पायापाशी ठेवलेला, त्याच्या टप्प्यातून हललात तर आवाज गेला. नटाचा आळस त्यात असेल, पण अर्धं गणित तांत्रिक होतं.

त्यात आली तबकडी. बालगंधर्वांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून. हे भाग्यच. पण तबकडीत फक्त गाणारा येतो, ऐकणारा येत नाही. 'मानापमान'मधलं 'नाही मी बोलत नाथा' घ्या. 'मी बोलत नाही' एवढंच सांगायला भामिनी इतक्या हरकती घेते, म्हणजे तिला किती बोलायचंय! समोर ज्याला ती हे सांगते तो धैर्यधर नसेल तर ही गंमतच उरत नाही. ८ जुलै १९२१ ला इथे मुंबईत, बालीवाला थिएटरात, टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर. त्या रात्रीच्या गाण्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला मात्र नेहमी वाटतं, एक गात असताना दुसऱ्याचा चेहरा कसा होता, तेवढं बघायला मिळायला हवं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले.

पुढे १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या संस्थेने मुंबईतच 'आंधळ्यांची शाळा' केलं. स्त्रीची भूमिका स्त्रीने केली, ज्योत्स्नाबाई भोळे त्यात होत्या, आणि पदं अगदी मोजकी, प्रसंगात बसतील तेवढीच. संगीत केशवराव भोळ्यांचं. पदं कमी केली की नाटक सुधारतं असा समज तेव्हापासून काही लोकांच्या डोक्यात बसलाय, तो मला पटत नाही. पदांची संख्या हा दिग्दर्शकाचा प्रश्नच नाही. 'कट्यार काळजात घुसली' बघा, १९६७ सालचं. त्यात गाण्याला तोटा आहे का? पण लेखक दारव्हेकरांनी ऐकण्याचंच कथानक केलंय. ज्याला शिकवायचं नाही असं ठरलेलं आहे तो ऐकून ऐकून विद्या घेतो. तिथे 'घेई छंद' दोन वेगळ्या चालींत येतं, शब्द तेच. संगीतकार अभिषेकीबुवांनी एक संथ ठेवली, एक चपळ, आणि दोन घराण्यांचे दोन स्वभाव आपल्याला न सांगता कळले.

आता तालमीत येऊ. माझा जीव तिथेच रमतो.

सगळ्यात अवघड जागा कुठली विचाराल तर तान नाही. बोलणं संपून गाणं सुरू होतं ना, तो सांधा. ऑर्गनवर सूर आला रे आला की प्रेक्षक सावरून बसतो, कुणी खोकून घेतं, आणि नट भूमिका खुंटीला टांगून गवई होतो. पद संपलं, टाळी झाली, की खुंटीवरची भूमिका पुन्हा अंगात घालतो. मधली पाच मिनिटं पात्र गैरहजर.

मी ऑर्गनवाल्यांना विनंती करते की सूर वाक्य संपल्यावर देऊ नका, शेवटच्या चार शब्दांखाली हळूच सरकवा. नटीला सांगते, तुझं शेवटचं वाक्य त्या षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, आसपास बोल. काळी चारची मुलगी एरवी खर्जात बोलत असेल तर वाक्याच्या मध्यावरूनच चढत ये. मग बोलणं कुठे संपलं आणि पद कुठे लागलं हे खोकणाऱ्याला कळत नाही. त्याचा खोकला राहून जातो.

'वद जाऊ कुणाला शरण' बसवत होतो तेव्हाची गोष्ट. सुभद्रा संकटात आहे, कुणाला शरण जाऊ म्हणून विचारतेय. आमची सुभद्रा छान गायची. पण मुखडा, म्हणजे पदाची परत परत येणारी पहिली ओळ, पाच वेळा आला तरी पाचही वेळा तोच भाव. मी म्हटलं, हा मुखडा परत परत का येतो? ती म्हणाली, "ताई, चालच तशी आहे." उत्तर चुकीचं नव्हतं. पण पदात 'अग सखये' अशी हाक आहे. म्हणजे कुणीतरी तिथे उभं आहे! कोपऱ्यात हात बांधून उभ्या असलेल्या सखीला मी पुढे बोलावलं. ती नवीन मुलगी, डोंबिवलीहून यायची, तिला वाटलं तिचं काही चुकलं. तिला सांगितलं, तुला प्रश्न विचारलाय, उत्तर दे. ती म्हणाली, "मला वाक्यच नाहीये." म्हटलं, वाक्य नाही म्हणूनच. सम आली की तोंड उघड, काहीतरी सुचलंय असं वाटू दे, आणि मग सुचलेलं गिळ.

पहिल्या समेला तिने मान वर केली. दुसऱ्या समेला एक पाऊल पुढे आली, थांबली. तिसऱ्या वेळी तिने नजर खाली घातली आणि सुभद्रेचा मुखडा असा काही आला की तबलजी ठेका धरून तिच्याकडे बघत राहिला. मुखडा परत येतो, कारण उत्तर आलेलं नाही. चालीला कारण सापडलं, तेही जिला एक वाक्य नाही अशा मुलीमुळे.

एक छोटी युक्ती सांगते, दिग्दर्शन करणाऱ्यांनी टिपून घ्या. ऐकणाऱ्या पात्राला अशा जागी उभं करा की गाणाऱ्याची नजर त्याच्यावरून सरळ तबलजीवर जाईल. गवयाला समेसाठी तबलजी लागतो, नाटकाला समोरचं पात्र लागतं. दोघं एका रेषेत आणा, भांडण मिटतं.

पाठीचं मी मघाशी म्हटलं. पाठ कशी जागी असते हे मला 'घाशीराम कोतवाल'ने दाखवलं. १६ डिसेंबर १९७२, पुणे. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद. ब्राह्मणांची ती रांग गाते, डुलते, देवाचं नाव घेते. आणि मागे काही घडवायचं असलं की पाठ फिरवते. पाठ फिरली की भिंत झाली. तिला बघायचं नाहीये हे आपल्याला पाठीवरून कळतं. गाणं भक्तीचं आणि पाठ गुन्हेगाराची. नेपथ्यकाराची भिंत उभी केली असती तर तिला कुणी दोष दिला असता?

अलीकडचं, २०१७ सालचं 'संगीत देवबाभळी' पाहिलं असेल तुम्ही. प्राजक्त देशमुखांनी दोघीच ठेवल्या, तुकोबांची आवली आणि लखुबाई, म्हणजे रूप बदलून आलेली रखुमाई. दोनच पात्रं म्हटल्यावर एक गात असेल तेव्हा दुसरीला लपायला जागाच नाही. मला ते नाटक त्यासाठी फार आवडतं.

आता एक तक्रार. कॉलर माइक आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. आता नटाने पाठमोरं गावं, बसून गावं, भाकरी थापत गावं. झालं काय, तर माइक छातीशी आला तरी बरेच गायक अजून त्या जुन्या टांगलेल्या माइकखालीच उभे आहेत! आणि दुसरीकडे साथीदारांच्या जागी रेकॉर्ड केलेला ट्रॅक आला. निर्मात्याचं दुःख मला कळतं. चार वादक, त्यांचा प्रवास, वर नाट्यगृहाची वेळ, पुढचा प्रयोग दारात उभा. पण ट्रॅक थांबत नाही. सखीने एक श्वास जास्त घेतला तर ऑर्गनवाला तेवढा थांबतो, तबलजी एक आवर्तन नुसता ठेका धरतो. ट्रॅक म्हणतो, मी चाललो. मग ऐकणाऱ्या पात्राला वेळेत ऐकावं लागतं आणि प्रत्येक प्रयोगात तेवढंच ऐकावं लागतं. ते मला मान्य नाही. पेटी-तबला एवढंच परवडत असेल तर तेवढंच घ्या, पण जिवंत माणसं बसवा.

फार बोलले. करून दाखवू या? दुसऱ्या रांगेतल्या त्या निळ्या कुर्त्यातल्या, तुम्ही मघापासून गुणगुणताय. या वर. आणि तुम्ही काका, तुम्ही रुक्मिणी. हसू नका, बायकांच्या भूमिका पुरुषांनी केल्याचा आपल्याकडे मोठा इतिहास आहे. इथे बसा, प्रेक्षकांकडे तोंड, हिच्याकडे पाठ. चष्मा राहू द्या. ऑर्गन नाही, सूर मीच देते. ताई, यांच्या पाठीला गा. काका, तुम्ही काही करायचं नाही, फक्त ऐकायचं, आणि 'कंपा' येईपर्यंत घड्याळाकडे बघायचं नाही.