नारोशंकराच्या घंटेखालून

नमस्कार श्रोतेहो.

गोदावरी चढायला लागली की आपण नाशिककर क्युसेकचे आकडे मागाहून विचारतो, आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीची चौकशी करतो. "दुतोंड्याला कुठवर लागलं?" गुडघ्याला म्हणजे चहा घेऊन बघायला जायचं. कमरेच्या वर गेलं की सराफ बाजारातली माणसं सामान वरच्या मजल्यावर न्यायला लागतात. आणि गळ्याशी आलं की घरातली म्हातारी माणसं बोलायला लागतात, तेव्हाच्या पुरात नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत कसं पाणी आलं होतं ते. म्हणजे पाणी आजचं, गोष्ट तेव्हाची. पुराच्या दिवशी आपण सगळेच थोडे थोडे मागच्या काळात जाऊन येतो.

हे मला सुचलं ते मुलांमुळे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या गच्चीवर आठ-दहा मुलं जमतात. गोष्टी वाचायच्या, मग आपली आपण लिहायची. यंदा त्यांनीच विषय निवडला, काळातून प्रवास. पहिल्या रविवारी वह्या उघडल्या तर सगळीकडे यंत्रच यंत्र. एका वहीत तर तीन पानं नुसती बटणं. लाल बटण, हिरवं बटण, आणि चुकून दाबायचं नाही असं निळं बटण, जे अर्थातच चौथ्या पानावर चुकून दाबलं गेलं.

यंत्राचा मोह मला कळतो. एच. जी. वेल्सनं 1895 साली आपल्या कादंबरीत माणसाला काळाच्या यंत्रावर बसवलं, तेव्हापासून लेखकांची एक मोठी सोय झाली. पण आपल्या भागवतातल्या ककुद्मी राजाला यंत्र लागलं नाही. मुलीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणं चाललं होतं, म्हणून क्षणभर थांबला. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसले. म्हणाले, अरे, खाली सत्तावीस चतुर्युगं होऊन गेली, तुझ्या मनातली स्थळं कधीच संपली! गोष्ट ककुद्मीची म्हणून सांगतात. मला मात्र त्यात रेवती दिसते. खाली उतरली तेव्हा तिची एकही मैत्रीण उरलेली नव्हती, ओळखीचं दार नव्हतं, आणि समोर बलराम, ज्याचं नावही तिनं कधी ऐकलं नव्हतं. त्या पोरीच्या धाडसाचं कौतुक कुठल्याही कीर्तनात मी ऐकलेलं नाही.

(शास्त्राचं विचाराल तर, पुढच्या काळात किंचित सरकता येतं. 1971 साली अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवून आणली, तर जमिनीवरच्या घड्याळांशी त्यांचा फरक पडला. सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजण्याएवढा, पण पडला, आणि आइनस्टाइनच्या हिशेबाशी जुळला. मागे जाण्याची वाट मात्र अजून गोष्टीतूनच जाते.)

तर दुसऱ्या रविवारी मी यंत्रावर बंदी घातली. जायचं तर नाशिकमधल्या एखाद्या वस्तूतून जा. नारोशंकराची घंटा घ्या. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. समुद्राकाठची घंटा गोदेकाठी आली. तिच्याखाली उभं राहा, डोळे मिटा आणि निघा.

मुलगे निघाले, पण बहुतेक सगळे गेले पानिपतावर. 14 जानेवारी 1761. आणि हातात काय, तर एके-47! बटणांवाल्या वहीतला हिरो अर्ध्या पानात लढाई जिंकून घरी जेवायला परत. मी विचारलं, "तुझा हिरो घाबरला कधी?" म्हणाला, "कशाला घाबरेल बाई? त्याच्याकडे बंदूक आहे."

ही खरी अडचण आहे बघा. साध्या साहसकथेत पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून छाती धडधडते. काळात मागे गेलेल्या मुलाला निकाल आधीच ठाऊक असतो, वर हातात आजची हत्यारं. मग धाडस उरतं कुठे? जयंत नारळीकरांनी पानिपतावरच्या आपल्या गोष्टीत बंदूक कोणाच्या हाती दिलीच नाही. विश्वासरावांना लागणारी गोळी फक्त जराशी चुकली आणि सगळा इतिहास दुसऱ्या रुळावर गेला. त्यांचे गंगाधरपंत म्हणजे इतिहासाचे प्राध्यापक. त्यांचं धाडस काय, तर त्या अनोळखी जगातल्या भर सभेत व्यासपीठावर चढून बोलायला उभं राहणं. नारळीकर 2021 साली आपल्याच नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, ही रुखरुख अजून आहे.

मी मुलांना म्हटलं, दप्तर रिकामं करून जा. मोबाइल नाही, बंदूक नाही. सातवाहनांच्या नाशिकात उतरलात आणि भूक लागली, तर काय मागाल? एका सुरात उत्तर आलं, "मिसळ!" मग बसलो मिसळ सोडवत. पाव काढा, तो पोर्तुगीजांबरोबर आला. बटाटा काढा, टोमॅटो काढा. मिरची काढा, तीही समुद्रापलीकडूनच आली. नाशिकची मिसळ आणि तिखट नाही! पोरांचे चेहरे असे उतरले की पानिपत हरल्यावरही उतरले नसतील. उरलं काय, थोडी मटकी आणि मिरीची आमटी. आणि तीसुद्धा मागायची कोणत्या भाषेत?

भाषेसाठी त्यांना पांडवलेणीवर नेलं. पायऱ्या चढून धापा टाकत तिसऱ्या लेण्यात गेलो. भिंतीवर ब्राह्मीतला लेख आहे, प्राकृत भाषेतला. गौतमी बलश्री या राजमातेनं तो नातवाच्या राज्यात, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरवला. त्यात तिच्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्यानं क्षहरातांचा, म्हणजे शत्रू राजघराण्याचा, वंश निखालस संपवला. आणि त्याच लेखात असंही आहे की अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे.

बटणांवाला कठड्याला टेकून ऐकत होता. म्हणाला, "बाई, एक काहीतरी नक्की सांगा. वंश संपवला की जीव घेत नव्हता?" आता काय सांगणार! दोन्ही कोरलेलं आहे. आईनं लिहिलंय रे, एवढंच म्हणाले मी. घरी जाऊन त्यानं एके-47 खोडली. नव्या गोष्टीत त्याचा हिरो अक्षरं खोदणाऱ्याच्या हाताखाली लागतो, छिन्नीला धार लावायला. राजा चांगला की वाईट हे त्याला तिथेही कळत नाही. पण त्या गोष्टीत तो पहिल्यांदा घाबरला. रात्री लेण्यात एकटं झोपायचं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज माइकसमोर बसले ती. आठवीतली एक मुलगी, पंचवटीतच राहणारी. बोलायची कमी. ती घंटेखालून निघाली आणि जेमतेम काही गल्ल्या चालली. उतरली काळाराम मंदिराच्या पूर्वेच्या दारापाशी, मार्च 1930 मध्ये.

2 मार्चला अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक देवळापर्यंत गेली. दारं बंद होती. मग चारही दारांवर सत्याग्रही बसवले, पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 बायका. तिनं आपल्या मुलीला त्या पंचवीस जणींमध्ये सव्विसावी म्हणून बसवलं होतं. उन्हाचं वर्णन अर्धं पान. दगडी फरसबंदी परकराखालून कशी भाजते, शेजारच्या बाईनं पदर तिच्याही डोक्यावर कसा ओढला. पुढे रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड येणार आहेत, हे त्या मुलीला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे. सत्याग्रह पाच वर्षं चालणार आहे आणि त्या पाच वर्षांत हे दार यांच्यासाठी उघडणार नाही, हेही माहीत आहे. 1935 साली येवल्यात बाबासाहेब काय जाहीर करणार तेसुद्धा.

आणि शेजारची बाई विचारते, "पोरी, तुला काय वाटतं, कधी उघडंल गं?"

सांगितलं तर त्या उठून जातील का? न सांगता बसले तर मी त्यांना फसवतेय का? वहीत इथे दोन ओळी खोडलेल्या होत्या, पेन कागदातून पार जाईल इतक्या जोरात. त्याखाली तिनं लिहिलं होतं: "मी म्हणाले, मला तहान लागली आहे. त्यांनी मला तांब्या दिला."

गच्चीवर कोणी बोललं नाही. खाली भाजीवाल्याची गाडी गेली, तिचा भोंगा तेवढा ऐकू आला. मग बटणांवाल्यानंच विचारलं, "पण ती परत कशी येते? लिहिलंच नाहीस."

ती वही मिटत म्हणाली, "अजून दार कुठे उघडलंय?"

नमस्कार.