धृपद धरायला कोणी हवं

अध्यक्ष महाराज, पाळकसाहेब आणि जमलेल्या सगळ्या भावाबहिणींनो, सलाम.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘चर्चला न जाता ख्रिस्ती जीवन जगता येईल का?’ संयोजकांनी फोनवर मला बजावलं होतं, बाई, होय की नाही ते स्पष्ट सांगा, आमची तरुण मुलं रोज विचारतात. सांगणार आहे. पुराव्याची वचनं लिहून आणली आहेत, कवी ना. वा. टिळकांवर आणि पंडिता रमाबाईंवर टिपणं काढली आहेत. पण आधी मला माझ्या वडिलांबद्दल बोलू द्या. हा प्रश्न मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात पाहिलाय.

आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. दादा शिंपी होते. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, गावाचं नाव आज घेत नाही, मंडळीचंही, म्हणजे तिथल्या चर्चचंही, घेत नाही. चर्च आमच्या घरापासून तीनशे पावलांवर. दादा तिथे पेटी वाजवायचे. रविवारी सकाळी घंटा झाली की सगळ्यांच्या आधी ते पुढच्या चटईवर असायचे. त्या काळी आमच्याकडे बाकं नव्हती, चटयाच होत्या. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. इथे बसलेल्या जुन्या माणसांना आठवत असेल. माना हलताहेत म्हणजे आठवतंय.

1976 साली मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीने एक ठराव केला. वर्गणी थकवणाऱ्यांची नावं उपासनेत, घोषणांच्या वेळी, वाचून दाखवायची. कमिटीची अडचण खरी होती हे मी आज मान्य करते. पाळकांचा पगार द्यायचा, छप्पर गळत होतं. पहिल्याच रविवारी यादी वाचली गेली आणि तिसरं नाव होतं एका मावशीचं. नवरा जाऊन तिला वर्षही झालं नव्हतं. ती खुरपायला जायची. नाव ऐकल्याबरोबर तिने पदर तोंडावर ओढून घेतला. मी आईच्या मांडीला टेकून बसले होते, तिच्या अगदी मागे. तिची पाठ हलत होती ती मला आजही दिसते.

दादा उठले. म्हणाले, ‘हे नाव खोडा.’ सेक्रेटरी म्हणाले, ‘उपासना चालू आहे, खाली बसा.’ दादांनी पेटीचा भाता मिटला, खिटी लावली, बायबल काखेत घेतलं आणि बाहेर पडले. पुढची चौदा वर्षं त्या दारातून आत गेले नाहीत.

आम्हाला मात्र त्यांनी कधी अडवलं नाही. ‘तुम्ही जा,’ म्हणायचे. आई, मी, माझा भाऊ जायचो. दादा घरी. घंटा झाली की हाताने मशीनचं चाक थांबवायचे, गळ्यातली टेप काढून खुंटीला लावायचे, हात धुवायचे आणि घरच्या जुन्या पेटीपुढे बसायचे. मी एकदा तापाने घरी होते, तेव्हा पाहिलं. चर्चमधलं गाणं वाऱ्यावर यायचं. दादा ते कान देऊन ऐकायचे, कोणतं गाणं आहे ते ओळखायचे आणि तेच वाजवायला घ्यायचे. पट्टी तिकडचीच, काळी दोन. स्वतःचा गळा त्याहून खालचा, काळी एकचा असून! वारा पडला की ऐकू येणं बंद व्हायचं, मग दादांची पेटीही थांबायची. पुन्हा झुळूक आली की मंडळी जिथे पोचली असेल तिथून उचलायचे.

आम्ही घरी आलो की पहिला प्रश्न, घोषणा काय झाल्या? आजारी कोण आहे? कोण आलं नव्हतं? ज्याचं नाव आजारी म्हणून कळायचं त्याच्याकडे संध्याकाळी दादा जाऊन यायचे. बोर्डिंगच्या पोरांच्या चड्ड्यांना काजं-बटणं फुकट करून द्यायचे. त्या मावशीच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा पोलकी दादांनी शिवली. आता सांगा, हा माणूस ख्रिस्ती जीवन जगत होता की नव्हता? तुमच्यापैकी कोणी ‘नव्हता’ म्हणणार असेल तर त्याने मला उठून सांगावं. कोणी उठणार नाही, मला ठाऊक आहे.

1990 च्या पावसाळ्यात दादा गेले. कबरस्तान मंडळीचं. भाऊ परवानगी आणायला गेला, तर त्याच्यापुढे वही उघडली. महिना पाच रुपये, चौदा वर्षं, आठशे चाळीस. ते भरा, मग खड्डा खणायला माणसं पाठवतो. भाऊ चिडून परत आला, म्हणाला, गावच्या ओढ्याकाठी पुरू, पण या लोकांपुढे हात पसरणार नाही. आई काही बोलली नाही. मशीनच्या खणात बटणांचा डबा असायचा, त्याखाली ती घरखर्चातले उरलेले पैसे ठेवायची. तिने नोटा मोजल्या, कमी पडल्या त्या शेजारणीकडून आणल्या. पावती मी जपून ठेवलीय. आज पर्समध्ये आणलीय, ही बघा. ‘थकीत वर्गणी, रु. 840.’ खाली सही. मृताचं नाव चुकीचं लिहिलंय.

या पावतीबद्दल माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. मेलेल्या माणसाला पुरण्याआधी जी मंडळी वही उघडते, तिच्या तोंडून ‘चर्चला या’ ही हाक कोणाला गोड लागेल? तरुण मुलं येत नाहीत म्हणून व्याख्यानं ठेवण्याआधी आपल्या मंडळीच्या घटनेतलं थकबाकीचं ते कलम काढा. कित्येक ठिकाणी ते आजही आहे.

पण दुपारी कबरस्तानात काय झालं ते ऐका. पाऊस रिपरिप पडत होता आणि अख्खी मंडळी आली होती. दीडशे माणसं तरी असतील. पाळकांनी वचन वाचलं. मग गाणं कोणी उचलायचं? नेहमी उचलणारा माणूस पेटीत होता, लाकडी पेटीत. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा मागून बाईचा आवाज आला. त्या मावशीचा. गाणं टिळकांचं होतं. पहिली ओळ ती एकटीच म्हणाली, धृपदाला सगळे मिळाले. मी आईकडे पाहिलं. आई रडत होती आणि म्हणत होती, ‘ऐका हो, ऐका.’ चौदा वर्षं एकट्याने गाणाऱ्या माणसाचं धृपद त्या दिवशी दीडशे गळ्यांनी धरलं. आणि ते ऐकायला तो नव्हता.

रात्री भावाने आईला विचारलं, दादांनी या लोकांना माफ केलं होतं का? आई म्हणाली, ‘कधीच केलं होतं. पण त्यांना ते कळायचं कसं? गेलेच नाहीत ना कधी.’

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. बरं, मग टिपणांतलं महत्त्वाचं तेवढं घेते.

माझं उत्तर असं आहे. ख्रिस्ती असायला चर्चची इमारत लागत नाही. प्रभूने शोमरोनी बाईला विहिरीकाठी सांगितलं, देवाच्या उपासनेला हा डोंगरही नको आणि यरुशलेमही नको. पण ख्रिस्ती म्हणून जगायला दुसरा ख्रिस्ती लागतो. नव्या करारात ‘एकमेकां’ हा शब्द किती वेळा येतो ते मोजून पाहा. एकमेकांवर प्रीती करा, एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा, एकमेकांचे पाय धुवा. यातलं एकही घरात एकट्याला पाळता येत नाही. इब्रीकरांस पत्रात एकत्र मिळणं सोडू नका म्हटलंय, त्याच वाक्यात एकमेकांना बोध करा म्हटलंय. कॅथॉलिक भावांना रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्यांच्या धर्मसभेच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्या प्रॉटेस्टंटांकडे तसा कायदा नाही, म्हणून कारण जास्त स्पष्ट सांगावं लागतं.

आता टिळक. ‘टिळकांनी तर मिशन सोडलं’ हे वाक्य चर्चला न येणारा प्रत्येक सुशिक्षित माणूस मला ऐकवतो. खरं आहे, 1917 मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले. त्यांना मिशनचा पगार नको होता, परदेशी साचा नको होता. पण बाहेर पडून केलं काय? घरी बसले का? साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला! बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एका ठिकाणी. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलेला तो माणूस, टाळकऱ्यांशिवाय भजन होत नाही हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. 1919 मध्ये ते गेले, दरबार फार टिकला नाही. त्यांची भजनं मात्र आपण कुठे गातो? चर्चमध्येच.

पंडिता रमाबाईंचंही तेच. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मभगिनींशी वाद. ब्राह्मण पुरोहितांचं जू नुकतं झुगारलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहून कळवलं. त्याच बाईंनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशन आश्रमात शेकडो मुलीबायकांना एकत्र बसवणारं केवढं मोठं चर्च उभारलं, ते जाऊन बघा.

आणखी एक, घाईत सांगते. चौथ्या शतकात रोममध्ये व्हिक्टोरिनस नावाचा नामांकित पंडित होता. संत ऑगस्टीनने त्याची हकीकत लिहिलीय. तो मित्राला खासगीत म्हणायचा, मी ख्रिस्तीच आहे. मित्र म्हणायचा, चर्चमध्ये दिसशील तेव्हा मानीन. तो हसून विचारायचा, म्हणजे भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो का? भिंतींनी होत नाही हे बरोबरच. पण तो अडला होता तो बड्या मित्रांच्या भीतीने, आणि हे त्याला कळलं त्या दिवशी स्वतःहून म्हणाला, चल, चर्चला जाऊ.

आपल्या गावांतही भीतीने अडलेले आहेत, त्यांना आळशी म्हणू नका. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलती जातात. शिखांचा समावेश 1956 मध्ये झाला, बौद्धांचा 1990 मध्ये, आपला नाही. मुलाचा दाखला, मुलीची शिष्यवृत्ती एका पारड्यात आणि चर्चचं रजिस्टर दुसऱ्या पारड्यात, अशी घरं मला माहीत आहेत. ती माणसं रात्री दार लावून प्रार्थना करतात. त्यांना चर्चला बोलावून भागायचं नाही. दोघे किंवा तिघे जमतील तिथे मी आहे, असं प्रभू म्हणाला. मग आपल्यातल्या दोघांनी त्यांच्या घरी जायला काय हरकत आहे?

वेळ संपली, हो, थांबतेच. आमच्या मंडळीत आता पंच कमिटीवर मी आहे. न येणाऱ्या घरांची यादी केलीय, सत्तावीस घरं. यादी कुठेही वाचून दाखवायची नाही असं ठरवलंय. दर रविवारी दुपारी दोघी-तिघी जणी एका घरी जातो, बरोबर दादांची पेटी नेतो. भात्याला एका ठिकाणी ठिगळ आहे, हवा थोडी जाते. वर्गणीचा विषय काढायचा नाही. घरच्यांना विचारायचं, कोणतं गाणं म्हणू या, आणि पट्टी त्यांच्या गळ्याची धरायची.