गिअरबॉक्सला पुढचा रस्ता दिसत नाही

मित्रहो, ऑटोमॅटिक गाडी चालवणारा कोणी भेटला की मी त्याला हमखास एक प्रश्न विचारतो: लिव्हरवर 'डी'च्या (ड्राइव्ह, म्हणजे नेहमीचा नॉर्मल मोड) शेजारी किंवा खाली जो 'एस' (स्पोर्ट मोड) आहे, तो तुम्ही शेवटचा कधी वापरलात? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. गाडी नवी असताना एकदा हौसेने वापरून पाहिला, इंजिनाचा आवाज चढला, पेट्रोल फार जाईल अशी भीती वाटली आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. 'स्पोर्ट' या नावानेच हा घोटाळा केला आहे. ही सोय वेगाच्या शौकिनांसाठी आहे, आपल्यासारख्या संसारी माणसांचे तिच्याशी काही काम नाही, असा समज त्या एका शब्दामुळे पक्का होतो. माझे मत नेमके उलट आहे, आणि ते का, हे आज सविस्तर सांगायचे आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांमध्ये स्पोर्ट मोडमुळे इंजिनाची ताकद वाढत नाही. पेडल तळापर्यंत दाबले, तर नॉर्मल आणि स्पोर्ट या दोन्हींत गाडी जवळजवळ सारखीच धावते. फरक पडतो तो पेडल अर्धेमुर्धे दाबलेले असताना. हल्लीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तार जात नाही; तुमच्या पायाने किती दाब दिला हे एक सेन्सर मोजतो आणि त्यावरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडायचा हे संगणक ठरवतो. स्पोर्टमध्ये तेवढ्याच दाबाला तो अधिक उघडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वरचा गिअर उशिरा पडतो, खालचा गिअर लवकर पडतो, आणि पाय काढल्यावरही गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो.

या धरून ठेवण्याने काय साधते, ते आकड्यांत पाहू. स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांमधले १ लिटरचे टर्बो (हवा दाबून आत भरणारे) पेट्रोल इंजिन घ्या. त्याचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७८ न्यूटन-मीटर आहे आणि तो १७५० ते ४५०० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) सलग मिळतो. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. त्यामुळे २००० आरपीएमला हे इंजिन फार तर ५० अश्वशक्ती देऊ शकते आणि ४५०० ला सुमारे ११४. इंजिन तेच. पण ते कुठल्या आरपीएमवर फिरत आहे, यावर तुमच्या हाताशी असलेली शक्ती दुपटीहून अधिक बदलते. नॉर्मल मोड तुम्हाला सदैव खालच्या टोकाशी ठेवतो, स्पोर्ट मोड वर नेऊन ठेवतो.

मग नॉर्मल मोड असा का वागतो? तो आळशी नाही, काटकसरी आहे. पेट्रोल इंजिन कमी आरपीएमवर, थ्रॉटल बऱ्यापैकी उघडा ठेवून चालवले, तर हवा ओढून घेण्यात वाया जाणारी शक्ती वाचते, अंतर्गत घर्षण कमी होते आणि ॲव्हरेज सुधारते. म्हणून ताशी ५०-६० च्या वेगाला संगणक शक्य तितका वरचा गिअर टाकून आरपीएमचा काटा १५०० च्या आसपास आणून ठेवतो. बंद करून पुन्हा चालू केल्यावर बहुतेक गाड्या आपोआप नॉर्मलवर येतात. रोजच्या वापरासाठी हीच योग्य रचना आहे, आणि शहरात तुम्ही नॉर्मलमध्येच राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

अडचण एवढीच आहे की गिअरबॉक्सला पुढचा रस्ता दिसत नाही. त्याला चाकांचा वेग कळतो, पेडलचा दाब कळतो, पुष्कळ गाड्यांत चढ-उतारही कळतो. पण हे सारे आत्ताच्या क्षणाचे असते. दोनशे मीटरवर ट्रक आहे आणि तुम्हाला तो ओलांडायचा आहे, किंवा या वळणानंतर उतार सुरू होतो, हे फक्त तुम्हाला ठाऊक असते. माझ्या मते 'एस' म्हणजे ही बातमी गिअरबॉक्सला आगाऊ कळवण्याची जागा.

ओव्हरटेकचेच पाहा. दुपदरी रस्त्यावर तुम्ही 'डी'मध्ये ट्रकमागे आहात, समोरचा रस्ता मोकळा दिसतो आणि तुम्ही पेडल जोरात दाबता. संगणक ते ओळखणार, दोन गिअर खाली येणार, टर्बो दाब धरणार, आणि मग गाडी उचलणार. यात साधारण एक सेकंद गेला असे धरा. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोरूनही कोणी त्याच वेगाने येत असेल, तर तुमच्यातले अंतर त्या एका सेकंदात ४४ मीटरने घटते. ट्रकमागे असतानाच 'एस' टाकला असता, तर हा गिअरबदल तुमच्या स्वतःच्या लेनमध्ये, सुरक्षितपणे आधीच उरकला असता.

पण माझ्या जिव्हाळ्याचा विषय घाटाचा आहे. काही वर्षांपूर्वी मी कुटुंबासह कराडहून चिपळूणला निघालो होतो. गाडीत आम्ही पाच जण आणि डिकी सामानाने भरलेली. कुंभार्ली घाट 'डी'मध्येच उतरायला लागलो. गाडी उतारावर वरचा गिअर धरून सैल सुटायची आणि मी दर वळणाला ब्रेक दाबायचो. पोफळीच्या अलीकडे आधी जळका, उग्र वास आला, मग पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले. बाजूला थांबून पाहिले, तर पुढच्या चाकातून धूर निघत होता. आई मागच्या सीटवर होती. तिने विचारले, "काय झालं रे?" आणि मला पटकन उत्तर देता आले नाही. अर्धा तास थांबून, ब्रेक थंड होऊ देऊन, उरलेला उतार मी 'एस'मध्ये उतरलो. लिव्हर सरकवताच काटा १५०० वरून ३००० च्या वर गेला, इंजिनाने गाडी मागून धरून ठेवल्यासारखी वाटली, आणि खालपर्यंत ब्रेकला केवळ वळणांपुरते काम उरले.

यामागचे गणित साधे आहे. माणसांसह १५०० किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे ७३ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी १०० च्या वेगावरून हीच गाडी बारा-तेरा वेळा पूर्ण थांबवावी, एवढी ही ऊर्जा आहे. ती सगळी ब्रेकच्या लायनरांवर टाकायची की काही भाग इंजिनावर सोपवायचा, एवढाच प्रश्न आहे. आणि पेट्रोलची काळजी करणाऱ्यांना सांगतो की गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर आधुनिक इंजिन इंधनाचा फवारा पूर्ण बंद करते. उतारच इंजिनाला फिरवत असतो. म्हणजे ३००० आरपीएमला गुरगुरणारे इंजिन त्या क्षणी थेंबभरही पेट्रोल पीत नाही. उलट न्यूट्रल करून घाट उतरणाऱ्याच्या गाडीत इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच असते, आणि वर इंजिन ब्रेकिंगही, म्हणजे इंजिनाने गाडी ओढून धरणेही, हातचे जाते. ही सवय आपल्याकडे अजून पुष्कळांना आहे. ती कृपया सोडा.

गिअरबॉक्सच्या प्रकारांविषयी थोडक्यात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअरचे काम यंत्र करते. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओमधून तो आपल्याकडे आला. चढावर तो दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये घुटमळतो आणि दर बदलाला ओढ तुटते. तिथे स्पोर्ट नसेल तर मॅन्युअल मोडवर दुसरा गिअर धरून ठेवावा. सीव्हीटीत पायऱ्यांचे गिअर नसतातच, पण 'एस' टाकला की पट्टा आणि पुलींचे गुणोत्तर खाली राहते आणि उतारावर तोच आधार मिळतो. जुन्या गाड्यांत 'एस'ऐवजी 'एल', '२' किंवा ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद करण्याचे बटण असे, काम तेच.

मात्र सकाळी थंड इंजिनावर पहिली काही मिनिटे स्पोर्ट वापरू नये, आणि पावसाळ्यात निसरड्या चढावरही टाळावा, कारण पायाच्या हलक्या दाबालाही चाके जोरात फिरू पाहतात.

येत्या रविवारी मोकळा, सरळ रस्ता पाहून ताशी ६० च्या स्थिर वेगाला 'डी'मधून 'एस'मध्ये लिव्हर सरकवा आणि काटा कुठून कुठे जातो ते पाहा. मग पाय उचला आणि गाडी किती ओढून धरली जाते ते अनुभवा. घाटात पहिल्यांदाच करून पाहण्यापेक्षा हे आधी सपाटीवर करून ठेवलेले बरे.