शून्य टक्क्यांवर अडलेलं अपडेट

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. अपडेटची पट्टी, ० टक्के.)

महिन्यातला दुसरा मंगळवार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले की मायक्रोसॉफ्ट त्या महिन्याच्या दुरुस्त्या एकदम बाहेर सोडते. २००३ पासूनचा हा शिरस्ता. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात, तिकडच्या हिवाळ्यात साडेअकरा. त्यामुळे इथल्या ऑफिसांना त्याचा प्रसाद मिळतो तो बुधवारी सकाळी, पहिल्या चहाच्या आधी.

पुण्यातलं एक ऑफिस. नाव नको. अकाउंट्समधल्या मॅडमनी मशिन चालू केलंय आणि पट्टी हलत नाहीये. खाली एक आकडा आलाय: ८००७२एफ८एफ. मॅडम तो पिवळ्या चिठ्ठीवर उतरवून घेतात. मागच्या महिन्यात आयटीवाल्याने विचारला होता आणि त्यांनी खिडकी आधीच बंद केली होती.

"मॅडम, घरी होतं का हे?" आयटीचा मुलगा विचारतो.

"घरी कुठे! घरी चहा होईपर्यंत अपडेट होऊन मशिन चालू. इथेच काय ते रडतं."

म्हणजे मशिन धडधाकट आहे, नेटही चालू आहे. अडवणारा मध्येच कुठेतरी बसलाय.

(दृश्य: सर्व्हरची खोली. हिरवे दिवे.)

हा तो. फायरवॉल, आणि त्यातला वेब फिल्टर. गेटवरच्या वॉचमनसारखं याचं काम: आत येणारी प्रत्येक पिशवी उघडून बघायची. पण हल्ली वेबवरचं बहुतेक येणं-जाणं कुलूपबंद असतं. बंद पेटीत व्हायरस आहे की पगारपत्रक, हे बाहेरून कसं कळणार? म्हणून फिल्टर पेटी स्वतःच्या नावावर उतरवून घेतो, उघडतो, तपासतो, पुन्हा बंद करतो आणि वर आपलं सील मारून पुढे पाठवतो.

हे तुम्हालाही बघता येतं. ऑफिसच्या मशिनवर एखादी बातम्यांची साइट उघडा आणि तिचं प्रमाणपत्र, म्हणजे हेच सील, बघा. "कुणी दिलं" या ओळीत जगातल्या एखाद्या नावाजलेल्या संस्थेऐवजी तुमच्याच कंपनीच्या फायरवॉलचं नाव दिसलं, तर समजा, पेटी वाटेत उघडली गेली आहे.

ब्राउझर कुरकुर करत नाही, कारण आयटीने मशिन हातात देतानाच त्याला सांगून ठेवलेलं असतं: हे सील आपलंच समज. अपडेट करणारे प्रोग्रॅम मात्र जास्त खट असतात. बरेचसे फक्त आपल्याला बनवणाऱ्या कंपनीचंच सील ओळखतात. दुसरं दिसलं की पेटी दारातूनच परत. ॲपलने तर आयटीवाल्यांसाठी लिहूनच ठेवलंय की आमची जोडणी मध्ये कुणी उघडली तर ती चालणार नाही. आणि खरं सांगायचं तर या खटपणात चूक काही नाही. वाटेत उघडलेलं अपडेट निमूटपणे बसवून घेणारं मशिन तुम्हाला तरी हवंय का?

(दृश्य: जुन्या फायरफॉक्सचा पडदा.)

या भांडणाचा सगळ्यात मजेदार प्रसंग जानेवारी २०१६ चा. एसएचए-१ ही सही करण्याची जुनी पद्धत कमकुवत झाली होती. फायरफॉक्स या ब्राउझरच्या ४३व्या आवृत्तीने ठरवलं, १ जानेवारी २०१६ नंतर या पद्धतीने दिलेली प्रमाणपत्रं मानायची नाहीत. जुनी चालतील, नवी नाहीत. पण मधला फिल्टर प्रमाणपत्र जागच्या जागी बनवतो, म्हणजे त्यावरची तारीख कायम ताजी! काही फिल्टर आणि अँटिव्हायरस अजून जुन्याच पद्धतीने सही करत होते. त्यांच्या मागे बसलेल्यांची नव्या वर्षात सुरक्षित साइट उघडेना. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ६ जानेवारीला ४३.०.४ आवृत्ती काढून माघार घेतली. पण ही नवी आवृत्ती यायची होती त्याच कुलूपबंद वाटेने, जी फिल्टरपाशी अडली होती. शेवटी लोकांना सांगावं लागलं: दुसऱ्या ब्राउझरमधून उतरवून घ्या आणि हाताने बसवा.

आणि असे फिल्टर थोडेथोडके नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजून पाहिलं, तर फायरफॉक्सच्या अपडेट सर्व्हरकडे येणाऱ्या जोडण्यांपैकी सुमारे ४ टक्के वाटेत कुणीतरी उघडलेल्या निघाल्या.

(दृश्य: न्हावा शेवा, कंटेनरच्या रांगा.)

आता फिल्टरची बाजू. २७ जून २०१७. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर होतं, एम.ई.डॉक. हल्लेखोर त्याच्या अपडेटमध्येच घुसले आणि नॉटपेट्या नावाची कीड त्या वाटेने कंपन्यांच्या आत शिरली. ती मर्स्क या जहाज कंपनीपर्यंत पोचली, आणि तिथून थेट आपल्या न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत. संगणक आडवे झाले, गेटबाहेर ट्रक खोळंबले. अपडेट म्हणून जे आलं तेच विष होतं. तेव्हा वॉचमन अपडेटचीही पिशवी उघडून बघतो म्हणून त्याच्यावर चिडता येत नाही.

पण गंमत बघा, नॉटपेट्या पसरताना विंडोजमधलं जे भोक वापरत होती, ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच निघालेलं होतं.

(दृश्य: पुन्हा पुण्याचं ऑफिस.)

सीलचा प्रश्न सुटला तरी तुकड्यांचा उरतो. मोठं अपडेट एकदम उतरत नाही, "मला इथपासून इथपर्यंतचा तुकडा दे" असं मागत मागत येतं. फिल्टरला तपासायला मात्र अख्खी फाइल लागते. काही फिल्टर तुकड्याची मागणीच गिळतात. मग मशिनला हवी असते एक फोड आणि समोर येतं अख्खं कलिंगड. ते घेत नाही, पुन्हा मागतं. दिवसभर हेच.

यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे: मायक्रोसॉफ्ट, ॲपल आपापल्या अपडेटच्या पत्त्यांची यादी देतात, ते पत्ते फिल्टरमध्ये "उघडू नका" म्हणून घालायचे. नाहीतर ऑफिसातच एक सर्व्हर ठेवायचा, त्याने बाहेरून एकदाच आणायचं आणि आत वाटायचं. दोन्हींसाठी नेटवर्कवाल्यांची मंजुरी लागते, आणि नेटवर्कवाले बसतात दुसऱ्या शहरात.

म्हणून आयटीचा मुलगा इकडेतिकडे बघतो आणि हळूच म्हणतो, "मॅडम, मोबाइलचं नेट देऊन बघता का जरा?"

मॅडम हॉटस्पॉट चालू करतात. आता मध्ये ना वॉचमन, ना गेट. पट्टी हलते. चार टक्के. अकरा. तक्रारीचं तिकीट "सोडवलं" म्हणून बंद होतं.

दुपारी जेवणानंतर मॅडम बँकेच्या साइटवर पेमेंट टाकायला बसतात. हॉटस्पॉट अजून चालूच आहे.