भरवणाऱ्या आईचं काय चुकलं?

(थेरपीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

वेगळ्या संस्कृतीतल्या घरांसोबत ऑटिस्टिक मुलांसाठी कसं काम करायचं, याच्या पुस्तकातल्या व्याख्या तुम्हाला पाठ आहेत, म्हणून मी थेट मिनियापोलिसला जाते. अमेरिकेतली सगळ्यांत मोठी सोमाली, म्हणजे आफ्रिकेतल्या सोमालियातून आलेल्यांची, वस्ती त्या भागात आहे. 2008च्या सुमारास तिथले आईबाप विचारू लागले, ‘आमच्याच मुलांना ऑटिझम इतका का होतोय?’ त्यांच्या भाषेत त्याला शब्द नव्हता. आपल्याकडे ‘स्वमग्नता’ आहे खरा, पण घरात कोण म्हणतं? ‘बोलेल हो उशिरा, त्याचा बापही असाच होता.’

मिनेसोटा विद्यापीठाचं उत्तर आलं 2013 मध्ये. सोमाली मुलांत साधारण 32 मागे 1, गोऱ्या मुलांत 36 मागे 1. म्हणजे फार फरक नाही. मात्र ऑटिझम असलेल्या सोमाली मुलांत बौद्धिक अक्षमताही जास्त आढळली. दरम्यान त्या आईबापांना भेटायला अँड्र्यू वेकफिल्ड हा ब्रिटिश डॉक्टर येऊन गेला होता. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा त्याचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्येच मागे घेतला होता. तरी वस्तीत भीती बसली. 2004 मध्ये तिथल्या 92 टक्के सोमाली मुलांना ती लस मिळत होती, 2014 मध्ये 42 टक्क्यांना. 2017 मध्ये गोवराची साथ आली. या लोकांना अडाणी म्हणणं सोपं आहे. मला एवढंच दिसतं की प्रश्न पडला तेव्हा त्यांच्यासमोर येऊन बसला तो नेमका चुकीचा माणूस.

यावर उपाय म्हणून काय होतं? थेरपिस्टना समाजांची ओळख करून देणारं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. पडद्यावर एक यादी: अमुक समाज मोठ्यांच्या नजरेला नजर देत नाही, तमुक समाज वेळ पाळत नाही. अशी यादी पाठ केलेला थेरपिस्ट मला कोऱ्या थेरपिस्टपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

जेवणाचंच घ्या. चार वर्षांचं मूल, ध्येय लिहिलंय ‘चमच्याने स्वतः खाणे’. सोमाली घरात भात हाताने खातात, आपल्याकडेही. आई भरवते, तर फाइलीत शेरा पडतो, ‘आई मुलाला परावलंबी करते’. अहो, विचारा तरी! तुमच्याकडे मुलं कधी स्वतः जेवू लागतात? तुम्हाला आत्ता ते हवंय का? हवं असेल तर हाताने घास घ्यायला शिकवा, चमचा कशाला?

भाषेचंही तसंच. ‘घरात फक्त इंग्रजी बोला’ हा सल्ला परदेशातल्या मराठी घरांनाही मिळतो. दोन भाषांनी ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्या सल्ल्याने आजी मात्र मुकी होते.

मला आवडलेलं काम अमेरिकेतल्या संशोधक सँडी मगान्या यांचं. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांत त्यांनी तज्ज्ञांऐवजी ऑटिस्टिक मुलांच्या आयांनाच तयार करून पाठवलं. त्या घरी जाऊन दुसऱ्या आयांना शिकवतात. आपल्या आशाताई आठवतात ना?

आता खुर्च्या सरकवा, सराव करू. दुभाषी बाजूला बसेल, तुम्ही बघायचं आईकडे. आणि दुभाषी आला नाही म्हणून नऊ वर्षांच्या बहिणीला भावाचं निदान आईला सांगायला लावायचं नाही. भेट पुढे ढकला.