नाव कुठं लिहितात?

(मिरजेत संगीताच्या विद्यार्थ्यांपुढं केलेलं भाषण, लेखासाठी थोडं सावरून)

मघाशी निवेदकांनी माझी ओळख ‘सुप्रसिद्ध व्हायोलिनवादक’ अशी करून दिली. तुमच्यातल्या एकानंही माझं नाव आधी ऐकलेलं नव्हतं, ते मला इथून दिसत होतं. लाजू नका. तुम्ही मला भरपूर ऐकलंय. लग्नात, एसटीत, गणपतीच्या मांडवात. चाळीसेक वर्षं मी मुंबईत व्हायोलिनच्या ताफ्यात बसून वाजवलं. बारा जणांत एक, कधी वीस जणांत एक.

विषय दिलाय ‘संगीतक्षेत्रातील रोजगाराच्या संधी’. यावर तक्ता काढून बोलता येतं, पण तसा तक्ता तुम्हाला कुठंही मिळेल. मी एवढंच विचारणार आहे, की या धंद्यात तुमचं नाव कोण लिहून ठेवतं आणि कोणत्या कागदावर. पैसा त्या कागदाच्या मागून येतो. मला हे कळायला फार उशीर झाला.

मिरजेत हे सांगायला सोपं आहे. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा इथं येतो आणि तंबोरा होऊन बाहेर पडतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे काय झालं? लाकूड तेच, घोडीवर तार घासून नाद खुलवणारी जवारी लावणारा हात तोच. फक्त गावाचं नाव सरकारी दप्तरी चढलं, आणि आता बाहेरच्या कुणी आपल्या मालावर ‘मिरज’ लिहून विकला तर त्याला जाब विचारता येतो. नावाची नोंद झाली की हक्क उभा राहतो.

आता माझा दिवस सांगतो. १९८० च्या आसपासचा. आदल्या रात्री खालच्या वाण्याकडं फोन यायचा. फोन करणारा ‘मेसेंजर’. संगीतकाराला किती व्हायोलिन, किती चेलो हवेत ते बघून वादक गोळा करणं हे त्याचं काम. या माणसाशी वाकडं घेतलं की महिना कोरडा गेला म्हणून समजा. सकाळी नऊची शिफ्ट, ताडदेवला. स्टँडवर कागद ठेवलेला, कधीकधी शाई ओली. कागदावर वर काय लिहिलेलं? ‘सेकंड व्हायोलिन’. खाली चित्रपटाचं नावही नाही, ‘प्रॉडक्शन नंबर ४’. दोन-तीन मॉनिटर, म्हणजे तालमी, मग टेक. तेव्हा गायक आणि शंभर वाद्यं एकाच वेळी रेकॉर्ड व्हायची. अठराव्या टेकला कुणाचा गज सटकला की सगळं पहिल्यापासून. आणि अख्खा हॉल त्या माणसाकडं न बघता बघायचा. ‘ओके’ झालं की रांगेत उभं राहून व्हाउचरवर सही. त्या अख्ख्या गाण्यात माझं नाव लिहिलेली जागा तेवढीच. व्हाउचर निर्मात्याच्या फायलीत गेलं, फाइल रद्दीत.

सिने म्युझिशियन्स असोसिएशन नसती तर तेवढंही झालं नसतं. वादकांची ही संघटना. दर ठरवायचे, जादा वेळाचे पैसे वसूल करायचे, कार्ड नसलेल्याला हॉलमध्ये बसू द्यायचं नाही, अशी कामं. बाहेरच्यांना ती दादागिरी वाटायची. मलाही वाटायची, कार्ड मिळेपर्यंत.

नाव नसणं ही फक्त मागच्या रांगेतल्यांची गोष्ट नाही. १९४९ साली ‘महल’ आला. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे पडद्यावरची व्यक्तिरेखा! गात होत्या लता मंगेशकर. लोकांनी रेडिओकडं ‘ही कोण’ म्हणून विचारणा लावली, तेव्हा कुठं खरं नाव बाहेर आलं. पुढं साठच्या दशकात त्यांनी गायकांना रॉयल्टी हवी म्हणून वाद मांडला. रफीसाहेबांचं म्हणणं, गाणं गायलं, पैसे घेतले, विषय संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. मला विचाराल तर रफीसाहेबांसारखा दिलदार माणूस नाही, पण या मुद्द्यावर बाईंचं बरोबर होतं. दिलदार माणसाला हिशेब मागता येत नाही, आणि त्याची किंमत त्याच्यामागच्यांनाही मोजावी लागते.

या सगळ्यात सगळ्यात झाकला गेलेला माणूस म्हणजे अरेंजर. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. ती शंभर वाद्यांत वाटायची कशी, मधले तुकडे कोणते, चेलोनं कधी शिरायचं, हे लिहिणारे बहुतेक गोव्याचे. कारण साधं आहे. गोव्यात चर्चच्या शाळेत पोराला नोटेशन वाचायला शिकवायचे. मुंबईत ते येणारी माणसं कमी, म्हणून काम त्यांच्याकडं. सेबॅस्टियन डिसूझा फाळणीआधी लाहोरात वाजवत होते, मग मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांच्याकडं वर्षानुवर्षं अरेंजर राहिले. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडं लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव देशभर दुमदुमलं ते शिष्यानं गुरूचं ऋण फेडलं म्हणून. ज्या चित्रपटांसाठी त्यांनी स्वतः काम केलं, त्यांच्या श्रेयनामावलीत ते शोधायला भिंग घेऊन बसावं लागेल.

आपल्याकडं मराठीत प्रभाकर जोग. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, आठवड्याला एक नवं गाणं, छप्पन्न गाणी. बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, बाजूला व्हायोलिन घेऊन जोग होते. पण बघा, ती आकाशवाणी होती. आकाशवाणीची एक सवय मला फार आवडते. गायन संपलं की निवेदिका सांगते, तबल्यावर अमुक, हार्मोनियमवर तमुक. आमच्या आईनं माझं नाव पहिल्यांदा ऐकलं ते तिथंच, स्वयंपाकघरात, हातातलं लाटणं तसंच धरून. आणि तिथं श्रेणी असते. बी, बी हाय, ए, टॉप. ऑडिशन द्या, श्रेणी घ्या, श्रेणीप्रमाणं मानधन. रक्कम हल्ली फार वाटत नाही, पण तो एक कागद आहे, त्यावर तुमचं नाव आहे आणि तो कुठल्याही वशिल्यावाल्याला फाडता येत नाही. तुमच्यातल्या गायक-वादकांनी ऑडिशनचा अर्ज या वर्षीच भरा. पडलात तर पुन्हा द्या. मी एकदा पडलोय.

आता कायदा. जांभया देऊ नका, पाच मिनिटं.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयात आयपीआरएस विरुद्ध चित्रपटवाले असा खटला झाला. आयपीआरएस ही १९६९ पासूनची गीतकार-संगीतकारांची संस्था. निकाल असा, की निर्मात्यानं पैसे देऊन चित्रपटासाठी गाणं करून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचा पहिला मालक निर्माता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकालात एक खंतही लिहून ठेवली. आपल्याकडं गाण्याचा जीव गाणाऱ्याच्या गळ्यात असतो, आणि कायद्यात त्या गळ्याला जागाच नाही. गळ्याला जागा मिळाली १९९४ मध्ये आणि खरं बळ आलं २०१२ च्या दुरुस्तीनं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला. चित्रपटगृहात चित्रपट दाखवणं सोडून गाण्याचा दुसरा जो वापर होईल, त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला स्वतःहूनसुद्धा निर्मात्याच्या नावे करून टाकता येत नाही. गायक-वादकांसाठीही रॉयल्टीचं कलम आलं. २०१३ मध्ये गायकांच्या हक्कांसाठी ‘इस्रा’ ही संस्था उभी राहिली. आता तिच्या नावात वादकही आहेत.

पण त्याच दुरुस्तीत ‘कलाकार’ कुणाला म्हणायचं याच्या व्याख्येला एक शेपूट आहे. चित्रपटातलं ज्याचं काम किरकोळ, प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानं ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठंच येत नाही, तो, एक बारीक अपवाद सोडला तर, कलाकार धरला जाणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आमचं वाजवणं किरकोळ होतं का, यावर वकील भांडतील. मी फक्त ‘रिवाज’ या शब्दाकडं बघत बसलो. नाव न लिहिण्याचा रिवाज त्यांनी पाडायचा, आणि नाव नाही म्हणून हक्क आम्ही घालवायचा.

स्वतःचा गाढवपणाही सांगतो. १९८८ मध्ये एका कॅसेट कंपनीसाठी सहा अभंगांना चाली दिल्या. ठोक रक्कम घेतली, स्टँपपेपरवर न वाचता सही केली. पहिल्या कॅसेटच्या कव्हरवर माझं नाव होतं. पुढच्या वर्षी आषाढीला नवी छपाई झाली, त्यात ‘पारंपरिक’ आलं. जिवंतपणी मी परंपरा झालो!

गंमत सोडा, आजचं एक मोठं काम याच चुकीत दडलंय. गाणं ॲपवर चढतं तेव्हा त्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड लागतो. गीतकार-संगीतकाराला आयपीआय क्रमांक लागतो, कारण जगात जोशी काय थोडे आहेत? मग ॲपकडून, रेडिओकडून वाजलेल्या गाण्यांच्या याद्या येतात आणि कुणीतरी बसून त्या नोंदींशी जुळवतं. ‘माउली’ हा शब्द इंग्रजी लिपीत पाच तऱ्हांनी लिहिलेला. एकाच अभंगाच्या नऊ चाली. शब्द तुकोबांचे म्हणून त्यावर कुणाचाच हक्क नाही, पण चाल हयात माणसाची. हे ओळखायला संगणक येणारा पुरत नाही, अभंग कानावरून गेलेला माणूस लागतो. म्हणजे तुम्ही. रेकॉर्ड कंपन्यांत, संगीत-प्रकाशनाच्या कचेऱ्यांत ही कामं आहेत. रुबाब नाही, पण महिन्याला पगार आहे आणि संध्याकाळ रियाजाला मोकळी.

बाकीची कामं भराभर सांगतो. ध्वनिमुद्रण शिकायचं तर पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, प्रवेश अवघड आहे. संगणकावर वाद्यांचं प्रोग्रॅमिंग करणारा एकटा माणूस आज आमच्या अख्ख्या ताफ्याचं काम करतो. राग मानू नका, शिकून घ्या. पण नोटेशन लिहायला-वाचायला शिका, भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही पद्धतींचं. आणि बँडवाल्यांनो, वरातीत वाजवण्याबद्दल कुणी रॉयल्टीची पावती घेऊन आलं तर घाबरू नका, लग्नाच्या वरातीला कायद्यातच सूट आहे.

काल रात्री इथं वसतिगृहावर चार मुलं भेटली. गाणं केलंय, येत्या आठवड्यात टाकणार आहेत. विचारलं, वाटणी ठरली का? म्हणाली, “काका, आम्ही मित्रच आहोत की.” मी वहीचं पान फाडलं आणि लिहायला बसवलं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, मधला ढोलकीचा तुकडा कुणी सुचवला, कुणाला किती टक्के, बेरीज शंभर. पाऊण तास लागला, एकदा आवाजही चढले. चालीचे पंचवीस की तीस यावर चहा गार झाला. पान माझ्याकडंच आहे, हे बघा. तिघांच्या सह्या झाल्यात. ढोलकीवाला गावी गेलाय, सोमवारी येतो म्हणाला. त्याची जागा मोकळी ठेवलीय, नाव मात्र कालच लिहून घेतलंय.