सहा इंचांचा एक ठिपका

(दृश्य: काळ्या रेषांत रेखलेलं लांबलचक जहाज. कर्सर पुढच्या टोकाशी थांबलेला.)

पडद्यावरचा हा प्रत्येक ठिपका सहा इंचांचा आहे. एक फूट म्हणजे दोन पिक्सेल. हे प्रमाण एकदा धरलं की शेवटपर्यंत पाळायचं. निओशो हे अमेरिकी नौदलाचं तेलवाहू जहाज ५५३ फूट लांब होतं. इथे ते ११०६ पिक्सेल भरतं. पूर्ण भरलं की ३२ फुटांहून थोडं जास्त पाण्याखाली, म्हणजे सुमारे ६५ पिक्सेल.

पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे एकेक ठिपका भरून, जहाजं काढणारे युद्धनौकांवर जीव टाकतात. तोफा, मनोरे, रडार, एकेक कठडा. मग तेलवाहू, दुरुस्ती जहाज, रुग्णालय जहाज अशी सहायक जहाजं काढायची वेळ आली की बाजूला एक राखाडी पट्टा भरतात आणि पुढे जातात. हे जहाजावर अन्याय करणारं आहे. तेलवाहू जहाजाकडे मिरवायला फारसं काही नसतं. त्याचं सगळं रूप त्याच्या अंगात असतं, हलच्या, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या कवचाच्या वळणात. ते वळण दाखवलं नाही, तर कागदावर उरते ती एक लांब पेटी.

(दृश्य: नौकाबांधणीचा आराखडा. उभ्या छेदरेषांचा पंखा.)

याला बॉडी प्लॅन म्हणतात. जहाज पावासारखं कापत गेलात तर प्रत्येक कापाची जी कड दिसेल, ती इथली एकेक रेषा. उजव्या अर्ध्यात नाळेकडचे, म्हणजे पुढच्या टोकाकडचे छेद. डाव्या अर्ध्यात पिछाडीचे. शेडिंगची खरी सुरुवात इथे होते, रंगपेटीत नाही.

रेषा बघा. मधल्या भागातल्या सरळ उभ्या आहेत. नाळेकडच्या मात्र वर जाता जाता बाहेर झुकतात. रेषा जिथे बाहेर झुकते, तिथला पत्रा खाली, पाण्याकडे तोंड करून असतो. उजेड वरून येतो असं धरलं, तर तिथे तो पोचत नाही. म्हणून तिथे गडद छटा. जिथे रेषा उभी, तिथे मूळ रंग. एवढाच नियम आहे, आणि तो प्रत्येक छेदाला वेगळा विचारावा लागतो.

(दृश्य: आराखड्यावरून ठिपके चित्रावर उतरताना, वेग वाढवलेला.)

झुकाव सुरू होतो ती उंची एकेका छेदावर मोजायची, चित्रात त्याच जागी खूण करायची, आणि खुणा जोडायच्या. ही जोडरेषा म्हणजे सावलीची कड. नाळेपाशी ती उंच असते आणि मागे जाता जाता खाली उतरून नाहीशी होते.

आता अवघड काम. ही कड तिरपी आहे आणि पिक्सेल चौकोनी. वळण पायऱ्यांनीच काढावं लागतं. पायऱ्यांची लांबी हळूहळू वाढली पाहिजे: एक, एक, दोन, दोन, तीन, चार, सहा. तीननंतर एक आणि मग पाच आलं, की पोलादाला पोचा पडल्यासारखा दिसतो. (दृश्य: तीच कड, चुकलेली आणि मग सुधारलेली.) फरक चार ठिपक्यांचा आहे. पहिल्या चित्रातलं जहाज कशाला तरी धडकून आलंय.

नवख्यांची नेहमीची चूक अशी: बाह्यरेषेच्या आत सगळीकडून गडद कड आणि मधोमध उजळ रंग. याला पिलो शेडिंग म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे. जहाज उशीसारखं फुगतं. उजेड कुठून येतो याचं उत्तर त्यात कुठेच नसतं.

तेलवाहू जहाजाचा मधला भाग उभ्या भिंतीसारखा असतो. आत टाक्या असतात, आणि टाक्यांना जागा लागते. तिथे शेडिंग नको. काहीही नको. हात शिवशिवतो, पण त्या सपाट लांबीमुळेच दोन्ही टोकांची वळणं उठून दिसतात. गंजाचे ओघळ, पत्र्यांचे सांधे यांचाही मोह होतो. सांध्याची जाडी सहा इंचांच्या आत, म्हणजे एका ठिपक्याएवढीही नाही. आणि गंज हा डाग आहे, त्याने आकार कळत नाही.

(दृश्य: पाण्याखालचा लाल भाग.)

खाली हल पुन्हा वळतं, या वेळी आत, कण्याकडे. इथे लाल रंगाची गडद छटा. मधल्या भागात ती तळाशी अरुंद पट्टी असते, टोकांकडे ती वर चढते. सुकाणू, पंखे, जलरेषेची काळी पट्टी. झालं.

(दृश्य: दुसरं चित्र. दोन रंगांचं जहाज.)

रंगयोजना मध्ये आली की डोळा फसतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जहाजांवर 'मेझर २२' ही शत्रूला फसवणारी रंगयोजना दिसते: खाली गडद नेव्ही ब्लू, वर फिकट राखाडी. दोन्हींमधली रेषा पाण्याला समांतर आहे, डेकची कड मात्र पुढे वर चढते. त्यामुळे नाळेपाशी राखाडी पाचर तयार होते. ती रंगाची आहे, सावलीची नाही. खरी सावली या रेषेला न जुमानता दोन्ही रंगांवरून जाते, आणि दोन्हींना आपापली गडद छटा द्यावी लागते.

नौदलाला तर सावली नकोच होती. १८९६ साली अमेरिकी चित्रकार ॲबट थेयर यांनी दाखवलं होतं की प्राण्यांचं फिकट पोट अंगावरची सावली पुसून टाकतं. तीच युक्ती जहाजांवर आली: पुढे आलेल्या भागांची खालची बाजू पांढरी रंगवायची, म्हणजे शत्रूला घडण ओळखू येऊ नये. त्यांनी जे लपवायला रंग वापरला, ते इथे एकेका ठिपक्याने परत आणायचं आहे.

(दृश्य: जुनं छायाचित्र, ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बर.)

ही निओशो. विमानाचं इंधन उतरवण्यासाठी फोर्ड बेटाला लागली होती, इथे ती जपानी हल्ल्याच्या धुरातून बाहेर पडते आहे. आणि शेजारी हे जे गोलाकार दिसतंय, ते उलटलेल्या ओक्लाहोमा युद्धनौकेचं पोट आहे.

(छायाचित्र काही क्षण स्थिर. निवेदन नाही.)

पाच महिन्यांनी कोरल समुद्रात जपानी टेहळणी विमानाने निओशोला विमानवाहू जहाज समजून कळवलं. ७ मे १९४२ रोजी तिच्यावर आणि सोबतच्या सिम्स विनाशिकेवर हल्ला झाला, सिम्स बुडाली. चार दिवस वाहत राहिलेल्या निओशोवरची माणसं हेन्ली विनाशिकेने काढून घेतली आणि तिला बुडवलं.

(दृश्य: पुन्हा चित्र. मोठं केलेलं, मग हळूहळू मूळ आकारात.)

मोठं करून पाहिलं तर सगळ्या पायऱ्याच. आता लहान होऊ द्या. पायऱ्या मिटतात. नाळेखालची गडद पट्टी आत जाते, पिछाडी वळते, मधली लांबी ताठ उभी राहते. तीन राखाडी छटा, दोन लाल, एक काळा.

(दृश्य: नवी फाइल उघडते.)

पुढचं जहाज, वेस्टल. दुरुस्ती जहाज. त्या डिसेंबरच्या सकाळी ती ॲरिझोना युद्धनौकेला लागून बांधलेली होती. सध्या फक्त बाह्यरेषा आहे. बाजूला बॉडी प्लॅन उघडलाय, आणि पहिल्या छेदावर पहिली खूण पडते आहे.